१७.६ म्हणजे किती?

पाचपैकी तीन दरवाजे रुंदीला कमी पडले. द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या कॅन्टीनमध्ये आम्ही स्टीलचं कपाट बसवत होतो. चांगली चार-चार मिलिमीटरची फट दिसत होती.

आमचं वर्कशॉप तुर्भ्याला. साइटवर मापं घ्यायचे पाटीलकाका, कोपरखैरणे गावातले, तीस वर्षं हेच काम. कॅडवर ड्रॉइंग मी करायचे. पुण्याहून येऊन मला तीनच महिने झाले होते. काकांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे दोष कुणाचा हे सेठनी लगेच ठरवून टाकलं.

"काका, आता साइट बंद. इथेच बसून माल मोजा."

काका दोन दिवस खाली मान घालून पट्ट्या मोजत राहिले. मला बघवत नव्हतं.

नवं ड्रॉइंग करायला घेतलं तेव्हा मनात आलं, मग दोन दरवाजे बरोबर कसे बसले? काकांची वही मागून घेतली. त्या दोन्ही दरवाज्यांची मापं पूर्ण इंचात होती. बाकीची १७.६, १८.६, १६.७.

"काका, टिंबानंतरचा हा सहा म्हणजे काय?"

"सा सूत. दुसरा काय?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडचे मिस्त्री त्यातच मोजतात. सहा सूत म्हणजे पाऊण इंच. मी मात्र युनिट्समध्ये डेसिमल इंच ठेवून १७.६ तसंच टाइप केलं होतं. कॉम्प्युटरने ते दहातले सहा धरले. पुण्यात आमचं सगळं मिलिमीटरमध्ये चालायचं. इथे विचारलं तर हसतील, म्हणून मी गप्प बसले होते.

काकांना ओढतच केबिनमध्ये नेलं.

"सेठ, काकांचं माप बरोबर आहे. चूक माझी."

सेठनी वही पाहिली, कपाळाला हात लावला. "काय गं तू! काका, उद्या साइटला तुम्हीच जा."

बाहेर आल्यावर मला रडूच आलं. माफी मागितली. काका चष्मा पुसत म्हणाले, "रडतेस कशाला गो बाय? मना पन वाटलेला, डोले गेले आता. घरी कुनाला सांगला नव्हता."

नवे दरवाजे काकांनीच बसवले. हल्ली मी फाइल उघडली की आधी युनिट्स बघते: फ्रॅक्शनल, म्हणजे अपूर्णांकात, इंचाच्या आठव्या भागापर्यंत. मग माप घेणाऱ्याला फोन करते. पाच मिनिटं जातात. तेव्हा ती घालवली असती, तर दोन दिवस एका माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला नसता.