तेलाचं राहू दे, माळेचं सांग

"हीच ती आई," पाळकसाहेब माईकवर म्हणाले, आणि सगळी मंडळी मान वळवून माझ्या मायकडे बघायला लागली.

माय शेवटच्या रांगेत बसली होती. काटोलच्या बसनं सकाळीच नागपूरला आली होती, मला भेटायला. रविवार म्हणून थेट चर्चमध्ये आली. माझी साक्ष नुकतीच संपली होती. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते आम्ही ख्रिस्ती लोक सगळ्यांसमोर उभं राहून सांगतो, ती साक्ष. माझी फार गाजलेली. आईनं अंधश्रद्धेपायी बाबांच्या गळ्यात काविळीची माळ घातली आणि बाबा गेले, असं मी सांगायचे. त्या दिवशीही तेच सांगितलं. माय समोर बसलेली दिसत होती. दिसत होती, तरी सांगितलं.

"उभ्या राहा, बाई."

माय उभी राहिली. पदर डोक्यावर ओढला.

"सांगा, माळेनं नवरा वाचला का?"

मायनं माझ्याकडे बघितलं. मग साहेबांकडे.

"नाही वाचला जी."

"हालेलुया!" साहेब ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईचा नवरा मेला म्हणून टाळ्या. आणि मीही वाजवल्या. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मीही वाजवल्या.

आता खरं काय ते सांगते.

बाबांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. गावातल्या जाणकाराकडून मायनं माळ आणली. झाडाच्या मुळ्यांची, दोऱ्यात ओवलेली. माळ जसजशी लांबते तशी कावीळ उतरते म्हणतात. माझा त्यावर तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्याच दिवशी मायनं बाबांना काटोलच्या डॉक्टरलाही दाखवलं. डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली. नागपूरला न्या, भरती करा. मायनं कपड्यांचं गाठोडंसुद्धा बांधून ठेवलं होतं.

तेवढ्यात मी नागपूरहून पोचले. बाप्तिस्मा घेऊन वर्षही झालं नव्हतं. नव्या मुसलमानाला नमाज फार म्हणतात, तशी गत. हातात साहेबांनी प्रार्थना करून दिलेली तेलाची बाटली. मी कात्रीनं माळ कापली. बाबांच्या कपाळाला, पोटाला तेल लावलं.

माय म्हणाली, "माळ तोडली तं तोडली वं. पण दवाखान्यात तं नेऊ."

मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "तेल लावलंस ना? मग आता दवाखाना म्हणजे अविश्वास."

मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. तीन दिवस माय माझ्या विनवण्या करत होती. चौथ्या दिवशी सकाळी बाबा गेले. मुळ्यांना हसणारी मी, बाटलीला देव मानून बसले होते.

साहेबांची स्वतःची शुगर वाढली की त्याच दिवशी गाडी निघते, चांगल्यातल्या चांगल्या दवाखान्यात. त्यांना कुणी अविश्वासी म्हणत नाही. हे मला दिसत होतं. मी बघितलं नाही.

बाबांच्या मागं साहेबांनी मला मुलींच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाकाला लावलं. मागची एक खोली दिली. पहिल्यांदा साक्ष द्यायची होती तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, रडत रडत. माळ, चिठ्ठी, तेल, फोन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तेलाचं राहू दे. माळेचं सांग."

एवढंच. आणि मी राहू दिलं. का? पहिल्या बाकांवर पिढीजात ख्रिस्ती बसायचे, आम्ही नवे मागं. साक्षेपुरती मी स्टेजवर जायचे. पाहुणे डोळे पुसायचे, हात हातात घ्यायचे. जेवणाच्या वेळी मी पुन्हा पातेल्यापाशी. पण त्या दहा मिनिटांची मला चटक लागली. त्यासाठी मी माय विकली.

त्या रविवारी उपासनेनंतर मायला खोलीत नेलं. चहा दिला. तिनं हात लावला नाही.

"माय, तू बोलली काहून नाही?"

"बोलली असती तं तुही नोकरी गेली असती." मग म्हणाली, "ते जाऊ दे. पण तू टाळ्या काहून वाजवल्या वं?"

दुपारच्या बसनं ती गेली.

पुढच्या रविवारी सकाळी संडे स्कूलच्या पोरी माझ्यासमोर बायबलातल्या दहा आज्ञा पाठ म्हणत होत्या. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आली. मी पुस्तक मिटलं.

त्याच दिवशी बाहेरून पाहुणे आले होते. साहेबांनी मला पुढं बोलावलं. मी गेले आणि सगळं सांगितलं. कात्री, चिठ्ठी, पर्स, तेल. फोनपाशी आले आणि माईक बंद झाला.

"बहीण भावनाविवश झाली आहे," साहेब म्हणाले.

अख्ख्या बोर्डिंगला जेवायला हाका मारणारा गळा आहे माझा. माईकवाचून अडलं नाही. शेवटपर्यंत सांगितलं. टाळी एक नाही.

ऑफिसात साहेब म्हणाले, "तुझ्यात सैतान शिरलाय. माफीचा कागद लिहून दे, नाहीतर खोली सोड."

"लिहिते, साहेब. पण त्यात तेलही येईल आणि तुमचा फोनही."

संध्याकाळी खोली सोडली.

आता नागपुरातच हुडकेश्वरला भाड्यानं राहते, एका मेसमध्ये पोळ्या लाटते. गावाकडचा काका म्हणतो, "झालं नं तुह्या येशूचं? आता देवीले नारळ फोड अन् परत ये." नाही. माळ नको, बाटलीही नको. येशू माझा आहे, त्यासाठी मला कुणाची खोली लागत नाही. येशूनं कुणाची चिठ्ठी पर्समध्ये कोंबली नव्हती. ती मी कोंबली.

मायची माफी मी मागितलेली नाही. मागितली तर ती लगेच देऊन टाकेल, आणि मी सुटेन. मला असं सुटायचं नाही.

ही खोटी साक्ष मी वाडीच्या प्रार्थनाघरात दिली, काटोलच्या सभेत दिली. मायच्या गावात, चौकात लाउडस्पीकर लावून दिली. तिथल्या बायका आजही मायला नवरा खाणारी म्हणतात. त्या प्रत्येक ठिकाणी मी जाणार आहे. बोलावणं नसलं तरी जाणार. सुरुवात गावातूनच, येत्या रविवारी. त्याच चौकात उभी राहून सांगेन की बाबांना मायनं मारलं नाही, मी मारलं.

त्यानंतर लोकांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं. मायला म्हणायचं नाही.