कांबळे सरांची दुर्बीण

दुपारपासून कामात लक्ष लागेना, म्हणून तुम्हालाच सांगते.

लातूरला आमच्या ऑफिससमोरच्या बागेत कांबळे सर आणि मी जेवणाच्या सुट्टीत पक्षी बघायचो. दिवाळीनंतर सर गेले. आज त्यांच्या मिसेस चाकूरहून आल्या, सरांची दुर्बीण घेऊन. "ते रोज काय बघायचे ते मला बी दाखवा," म्हणाल्या.

पिंपळावर तांबट बसला होता. वहिनींनी दुर्बीण डोळ्यांना लावली. "एका डोळ्याला धुरकट दिसायलंय हो, ताई."

प्रत्येकाच्या नजरेप्रमाणे उजव्या भिंगाची कडी फिरवून घ्यावी लागते. मी सवयीनं फिरवली. तांबटाचं लाल कपाळ त्यांना स्वच्छ दिसलं. हसल्या.

मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आधी त्यांच्या नजरेला लावलेलं होतं का?"

मी मान डोलावली.

"परत तसंच करता येतंय का?"

कडीवर कसलीच खूण नव्हती. तरी मी हो म्हणाले आणि अंदाजानंच फिरवून दिली. वहिनींनी पुन्हा डोळ्यांना लावून बघितलं. "हां, धुरकट दिसायलंय. हेच होतं," म्हणाल्या, आणि दुर्बीण जपून पिशवीत ठेवली.

तुम्ही असता तर खरं सांगितलं असतं का?