भवानीच्या वेळचं कूपन

नांदूरघाटची गाडी सुटायला आली होती, अन् फोनवरचं साबणाच्या सवलतीचं कूपन काही उघडेना. बीडच्या स्टँडसमोरच्या दुकानात मी सकाळचं पहिलंच गिऱ्हाईक. माझा पाय जागेवर ठरत नव्हता. एकदाचं कूपन उघडलं. आता फोन गल्ल्यावरच्या यंत्राला टेकवला की सुटलो. पण दुकानदारानं तो माझ्या हातातून घेतला, डोळे मिटले आणि दिवसाची पहिली विक्री, भवानी, म्हणून आधी कपाळाला टेकवला. त्याच्या कपाळावरचं भस्म पडद्याला लागलं, अन् कपाळानंच 'रद्द करा'चं बटण दाबलं जाऊन कूपन रद्द झालं.

"तुमच्या कपाळानं घालवलं," मी म्हणालो.

"भवानीच्या टायमाला घासाघीस बरी न्हाई."

मी पूर्ण पैसे भरले, तोवर गाडीही गेली. 'पैसे मिळाले' असं गल्ल्यावरचं यंत्र बोललं, तसे त्यानं यंत्राला हात जोडले. माझ्याकडं बघितलंही नाही.