डिस्ट्रक्टर आधी लिहिणारा

आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू घरी बसून एका प्रोग्रामिंग भाषेसाठी प्लगइन, म्हणजे जोडायचा छोटा प्रोग्राम, लिहितो. प्रोग्राममधली वस्तू तयार करणारा कोड म्हणजे कन्स्ट्रक्टर आणि काम संपल्यावर तिनं घेतलेली मेमरी परत करणारा तो डिस्ट्रक्टर, एवढं मला त्याच्यामुळे कळलं. तो डिस्ट्रक्टर आधी लिहितो. मी कारण विचारलं.

"काका, सुरू तर कुणीबी करतंय. बंद करायचं राहून जातं, मंग मेमरी भरत जाती."

घरातही तसंच. पाहुण्याला पाणी देतानाच तो परतीची गाडी विचारतो. एकदा त्याचा मेव्हणा म्हणाला, "दाजी, बूट तर काढू द्या." हा हसला नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या वडिलांना परतूरहून इथे जालन्यातल्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, आता सुधारणा होणार नाही, श्वासाचं मशीन काढायचं का ते घरच्यांनी सांगावं. सांगणारा म्हणजे हा एकटाच मुलगा. मला वाटलं, हा लगेच सांगेल. तो वडिलांच्या पायाचा अंगठा धरून उभा राहिला आणि म्हणाला, "राहू द्या, सर."

डॉक्टर रोज विचारायचे, हा रोज तेच सांगायचा. शेवटी एका दुपारी तो मला म्हणाला, "काका, तुम्ही सांगता का? माझं तोंडच उघडून न्हाई राह्यलं."

मी डॉक्टरांना मशीन काढायला सांगितलं. त्यानं मागे उभं राहून फक्त मान डोलावली.

आता जिन्यात भेटला की तो वाकून नमस्कार करतो, पण माझ्याकडे बघत नाही.