शेवंतीवरचा कोळसा

मूर्तिजापुराहून आमच्या गावापर्यंत रेल्वेचा एक फाटा होता. तो माणसांसाठी नव्हताच. कापसाच्या जिनाच्या बॉयलरला कोळसा आणायचा आणि परतताना रुईच्या गाठी न्यायच्या, एवढंच त्याचं काम. डबे उघडे, आणि आमचा फुलांचा मळा रुळाला लागून. गाडी गेली की पांढऱ्या शेवंतीवर काळी भुकटी बसायची.

फुलं त्याच गाडीनं, गार्डाच्या डब्यातून, मूर्तिजापूरच्या बाजारात जायची. टोपलीत एक जरी काळं फूल निघालं तरी व्यापारी बापाला चारचौघांत विचारायचा, "हे देवाले वाहू, का चुलीत घालू?" बाप तिथे हात जोडायचा आणि घरी येऊन तेच हात आईवर टाकायचा. "तुले डोये नाई का? कोयसा दिसत नाई?"

आई ओल्या फडक्यानं एकेक फूल पुसायची, पाकळी न मोडता. मीही पुसायचे. मी पुसलेल्या फुलांचा मारसुद्धा तिनंच खाल्ला. मी एकदाही तोंड उघडलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

"गाडीचा दोष हाये, त्यायचा नाई," आई मला सांगायची. "एक डाव गाडी बंद होऊ दे, मंग पाहजो." मला ते पटत नव्हतं. पण ती तेवढ्या आशेवर दिवस काढत होती.

मग लढाई लागली. सरकारला लोखंड कमी पडलं आणि आमच्या फाट्याचे रूळ उपसायला मजूर आले. गाव हळहळलं. आईनं मात्र त्या मजुरांना पोटभर ताक पाजलं. इतकी खुललेली मी तिला माझ्या लग्नातही पाहिली नाही.

त्या वर्षी शेवंतीवर एक डाग नव्हता. बापानं टोपल्या बैलगाडीत घातल्या. बाजार गाठेपर्यंत ऊन डोक्यावर आलं आणि फुलांनी माना टाकल्या. व्यापाऱ्यानं टोपलीला हातही लावला नाही.

बाप परतला तेव्हा आई भाकरी थापत होती. त्यानं तिला झिंज्या धरून चुलीपासून ओढलं. इतक्या वर्षांत तिनं कधी कारण विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"आता काहून जी? आता तं कोयसा नाई."

बापाला विचार करावा लागला नाही. "गाडी बंद झाली म्हणून," तो म्हणाला आणि पुन्हा हात उचलला.