भावोजींचा ब्रॅकेट

भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, जात्याच धास्तावलेले. गॅस बंद केला तरी पुन्हा उठून बघून येणार. असा माणूस विमानाचे भाग बनवतो, यावरून मी त्यांना भरपूर टोमणे मारायचो.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात. इंजिन धरून ठेवणारा ब्रॅकेट तिथे दोन पद्धतींनी तयार व्हायचा. माझी पद्धत जुनी: एका यंत्रात धातूची पूड लेसरने थरावर थर वितळवून भाग उभा करायचा, मग दुसऱ्या यंत्रावर तासायचा. भावोजींच्या नव्या यंत्रात थोडे थर चढवायचे, लगेच तासायचे, पुन्हा चढवायचे, सगळं एकाच जागी. कुठली पद्धत ठेवायची याची तुलना चालू होती आणि मी छाती फुगवून फिरत होतो.

नव्या यंत्रात तासताना कूलंट, म्हणजे धातू थंड ठेवणारं तेलपाणी, सोडायचं नाही, हा पहिला नियम. ओल राहिली तर पुढच्या थरात बुडबुडे अडकतात आणि भाग तिथून तडकू शकतो. पण भावोजींची उभी हयात मिलिंगवर, म्हणजे कूलंट सोडूनच धातू तासण्यात, गेलेली. एका ब्रॅकेटला सवयीने हात बटणावर गेला. त्यांनी कूलंट लगेच बंद केलं, पुसलं, वाळवलं आणि कुणाला न सांगता पुढचा थर चढवला.

एक्स-रेमध्ये तो भाग स्वच्छ निघाला आणि इंजिनावर बसवायला पाठवायचं ठरलं. पण अगदी बारीक दोष एक्स-रेत दिसत नाहीत, हे भावोजींना ठाऊक होतं; तेव्हापासून त्यांची झोप उडाली. वरून विमान गेलं की घास हातातच राहायचा. बोललो तर नोकरी जाईल, गप्प बसलो तर माणसं जातील, या भीतीने ते पार खंगले. शेवटी ताईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला बसवाल का त्या विमानात?"

दुसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले. म्हणाले, "एक्स-रे काहीही म्हणू दे, तो भाग कापून बघा. चूक माझी आहे." मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, आतून गुदगुल्याही झाल्या.

भाग कापला, भिंगाखाली निरखून पाहिला. आत एकही छिद्र नव्हतं.

मग तुलना पुरी व्हावी म्हणून साहेबांनी माझाही एक ब्रॅकेट कापायला लावला, एक्स-रेमध्ये तसाच स्वच्छ निघालेला. मधल्या जाड भागात न वितळलेल्या पुडीची बारीक रेघ होती.

माझ्या हातचे ब्रॅकेट घेऊन विमानं कित्येक वर्षं उडत होती.