पंगतीचा उरलेला भात

हे आजपतोर कुणाला कळलं न्हाई. बायकोला न्हाई, भावकीत न्हाई. तुमाला कावून सांगतोय ते मला बी ठाऊक न्हाई—पण सुरू केलंय तर मधी अडवू नका.

आमी मेंढरंवाले. सासऱ्यानं त्याचा कळप दोघांच्या हवाली केलता—माझ्या अन् माझ्या मेहुण्याच्या, वसंताच्या. बजावलं होतं, ज्याच्या चुकीनं जनावरं जातील त्यानं काठी खाली ठेवायची अन् वाट धरायची. म्हातारा शब्दाचा पक्का.

दिंद्रुडजवळ एका रानात कळप बसवला होता. वसंता बाजाराला गेलता. ऊन नुसतं मी म्हणत होतं, अन् मला मेंढरं हिंडवायचा कंटाळा आला. होय, कंटाळा! दुसरं कारण न्हाई. शेजारी लग्न उरकलं होतं, मांडवामागं भात अन् बुंदीचा ढीग पडलेला. टोपल्या भरभरून आणला, ओतला. मेंढरं तुटून पडली. मी बाभळीखाली ताणून दिली.

पंगतीचं उरलेलं मेंढराला दाखवायचं बी न्हाई, हे आमच्यातलं शेंबडं पोर सांगंल. पाला खाल्ला की जनावर निवांत रवंथ करतं, लाळ गिळतं. त्या लाळेत खार असतो, पोट शांत राहतं. भात तसा न्हाई. तो पोटात आंबतो, त्याचं आम्ल होतं, अन् ते जनावराला आतनं जाळत जातं. मला हे ठाऊक न्हवतं का? ठाऊक होतं.

सांजच्याला वसंता आला; रातची राखण त्याचीच होती. सकाळी मेंढ्या झिंगल्यावाणी हेलपाटत होत्या. पोटं फुगलेली, दात कराकरा वाजत होते. काही आडव्या पडून पाय झाडीत होत्या. वसंतानं एकीचं तोंड हुंगलं अन् वरडला, "दाजी, आंबट वास मारतोय! दाणा न्हाईतर भात खाल्लाय यांनी. सोडा पाजू, वाचतील!"

आचाऱ्याकडनं पळत जाऊन खायचा सोडा आणला त्यानं. बादलीत कालवला.

अन् मी—मी काय केलं? सोड्यानं मेंढ्या उठल्या असत्या, तर भात कुणी घातला हे निघालंच असतं. मी बादलीला लाथ घातली. "फवारलेल्या कपाशीत घातलीस बे मेंढरं! विष खाल्लंय त्यांनी!" असा बोंबललो की मांडवातली माणसं धावत आली. वसंता उरलेला सोडा घिऊन परत वाकला. मी काठी हाणली. पाठीत हाणली, मांडीवर हाणली. तो पडला, तरी बादलीकडं सरकत होता. मग मी उजव्या कानावर घातली. कानातनं रक्त आलं. तरी मी थांबलो न्हाई. खरं सांगू? त्या घडीला तो मरावा असं वाटलं मला.

माणसांनी मला धरलं, पण खरं मानलं माझंच. निम्मा कळप दुपारपतोर तडफडून मेला. सोड्याचं पुडकं तितंच मातीत सांडलेलं.

सासऱ्यानं वसंताच्या हातनं काठी काढून घेतली. आता तो दरसाल ऊसतोडीला जातो. उजव्या कानानं ठार बहिरा झालाय. माझी बायको, त्याची सख्खी बहीण, भाऊबीजेला त्याला ओवाळत न्हाई. बापाची मेंढरं मारणारा भाऊ मला नको, म्हणती. मी शेजारी बसून ऐकतो.

मागं कपिलधारला गेलतो, तितं भेटला. पाया पडला माझ्या. दोघं दर्शनाच्या रांगेत उभे होतो. मी मुद्दाम त्याच्या उजव्या अंगाला झालो, अन् बोललो—वसंता, भात मीच घातला होता.

कुणीकडं उभा राहून बोलतोय, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्याला माझे ओठ हललेले दिसले असतील. तो वळला, डावा कान माझ्याकडं केला, म्हणला, "काय म्हणलात, दाजी?"

"काई न्हाई," म्हणलो. "रांग लई मोठी हाय."